श्रावण, पांढरे उंदीर आणि शालिकरामचा ताप

आमच्या गल्लीत उंदीर पाळायचा पगार मिळणारा माणूस एकच, श्रावण तायडे. बाकीच्यांच्या घरी उंदीर फुकट राहायचे.

अमरावतीच्या एका सायन्स कॉलेजच्या मागच्या अंगाला टिनाची एक लांब खोली होती. तिला सगळे उंदीरघर म्हणत. त्या उंदीरघराचा राजा, प्रधान, शिपाई आणि झाडूवाला, सगळं काही श्रावणच. हरभरे भिजवायचे, ज्वारी निवडायची, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, पिंजऱ्यांत लाकडाचा भुसा टाकायचा. भुसासुद्धा त्याला कुठलाही चालत नसे. परतवाड्याच्या लाकूडटालातून पोती यायची, आणि एस.टी.च्या टपावरून ती उतरवून घेताना श्रावणचा रुबाब असा, की पाहणाऱ्याला वाटावं, केशर आलंय.

माणूस मात्र भित्रा. ही काही पाठीमागची कुजबुज नव्हे, तोंडावर म्हटलं तरी तो नाकारत नसे. विजेचं बटन काठीनं दाबायचा. कोणी सुईचं नाव काढलं की दंडावर हात ठेवायचा. त्याची बायको मैना ओट्यावर तांदूळ निवडता निवडता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची, "घरात उंदीर निंघाला का हा माणूस खाटीवर चढते, अन् कालेजात त्यायले तळहातावर घेऊन गोंजारते. मले कधी गोंजारलं नाही बाई असं."

"तू चावते," श्रावण आतून म्हणायचा.

गंमत चालली होती तोवर चालली. मग कॉलेजातले गावंडे सर विलायतेहून शिकून आले आणि श्रावणच्या जिवाला घोर लागला.

गावंडे सर मूळचे आपल्या इकडचेच, बोलायला साधे, पण डोक्यात एकच किडा. आल्या आल्या त्यांनी श्रावणला विचारलं, "रक्त कुठं तयार होतं रे श्रावण?"

"काळजात, सर."

"हाडात. मटणाची नळी फोडून खातोस ना? त्या नळीतला जो गर असतो, त्यात रक्ताचं बी असतं. तिथून ते जन्मभर उगवत राहतं."

त्या दिवसापासून श्रावणनं नळी खाणं सोडलं. मैनाला वाटलं, दात दुखत असेल.

सरांचा किडा असा होता, की हे बी हाडातच बसून राहतं, की त्यातलं काही रक्तात उतरून हिंडतं? आणि अंगात ताप चढला तर जास्त उतरतं का? तुरीच्या वावरात गोफणीचा दगड पडला की आत बसलेली पाखरं भर्रकन वर येतात, तसं तापाच्या धक्क्यानं हाडातलं बी रक्तात येत असेल, असा त्यांचा अंदाज. विलायतेत उंदरांवर असलंच काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता ते अमरावतीत, टिनाच्या खोलीत, स्वतःच्या हातानं करून पाहायचं होतं.

करायचं काय, तर काही उंदरांवर क्ष-किरण सोडायचे. त्या किरणांनी हाडातलं सगळं बी करपून जातं. उंदीर लगेच मरत नाही. हीच त्यातली भीतीदायक गोष्ट. पहिला आठवडा तो खातो, पितो, मिशा साफ करतो. त्याला वाटतं, काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात जुनं रक्त सरतं, नवं उगवत नाही, आणि उंदीर केस फुलवून कोपऱ्यात बसतो. बसला की संपला. आता या करपलेल्या उंदरांतल्या अर्ध्यांना धडधाकट उंदरांचं रक्त द्यायचं, आणि त्या धडधाकट उंदरांना आधी टायफॉईडची सुई टोचून ताप आणलेला. उरलेल्या अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. मिठाच्या पाण्याचे मेले आणि रक्ताचे जगले, तर बी रक्तात होतं हे ठरलं. रक्ताच्या उंदरांचं डोकं जांभळ्या औषधानं रंगवायचं, मिठाच्या पाण्याच्यांची शेपटी. श्रावणला एवढं पाठ झालं होतं.

किरणांचं मोठं मशीन अकोल्याला एका खाजगी दवाखान्यात होतं. गाठींवरच्या इलाजाचं. तिथले डॉक्टर सरांचे जुने दोस्त. म्हणून श्रावण डबा घेऊन बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला जायचा. डब्याला भोकं, आत कप्पे, कप्प्यांत उंदीर. मशीन चालवायला नत्थुजी नावाचा म्हातारा होता. पद्धत ठरलेली. श्रावणनं डबा मशीनच्या तोंडाखाली ठेवायचा, बाहेर यायचं, मग नत्थुजीनं जाड दाराला बाहेरून कडी लावायची, घड्याळाची चावी फिरवायची आणि खटका दाबायचा. घड्याळ सरलं की मशीन आपोआप बंद.

त्या दिवशी श्रावण बाहेर आला, कडी लावायच्या आधी नत्थुजी जरा पाठमोरा झाला, आणि श्रावणला आठवलं, एका कप्प्याचं झाकण आपण नीट लावलं नाही. माणूस कामाला चोख ना! न सांगता, न सवरता तो परत आत शिरला. पाहतो तर एक उंदीर खरंच बाहेर. तो टुणकन उडी मारून लोखंडी कपाटामागं गेला. श्रावण गुडघ्यांवर बसून त्याच्या मागं. आणि पाठीमागं दार लागलं. कडी पडली.

मग ते गुणगुणणं सुरू झालं. बंद बाटलीत भुंगा कोंडावा तसं.

श्रावण उठला, दारावर धावला, दोन्ही हातांनी बडवू लागला. "नत्थुजी! ओ नत्थुजी! मी आत हावो! उघडा ना बापा!" दार जाड. पलीकडून काही नाही. मग त्याला सुचलं, मशीनपासून जितकं लांब जाता येईल तितकं जावं. तो कपाटामागच्या कोपऱ्यात उंदराशेजारी दबून बसला. उंदीर हातात घेतला.  तिथं ना उजेड होता, ना ऊब, ना वास. काहीच लागत नव्हतं, काहीच दुखत नव्हतं. याचीच त्याला जास्त भीती वाटली. मार बसला असता तर ओरडता तरी आलं असतं.

गुणगुण थांबली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. दारात नत्थुजी, मिशीला चहा लागलेला. कोपऱ्यातून श्रावणला उठताना पाहून त्याच्या तोंडावरचं रक्तच गेलं.

"तू आत होता?"

"मशीन चालू होती काय?"

नत्थुजीनं मिशी पुसली. मग एकदम भडभडा बोलू लागला. "नाही, नाही. लागलीच नव्हती. खटका दाबलाच नाही म्या. कडी लावली अन् चहा प्यायले गेल्तो. तो आवाज त पंख्याचा हाये, मशीन गार कराचा. तो चालूच राह्यते."

"मंग आता लावा. मी बाहीर थांबतो."

"आता कसा लावू? डाक्टरसाहेब आले, पेशंट बसले. तू सरले सांग, काम झालं म्हणून. आन कोणाले बोलू नको, बापा. या वयात मले कोन ठेवीन?" आणि त्यानं श्रावणचे पाय धरले. बापाच्या वयाचा माणूस. श्रावणनं त्याला उठवलं, पळालेला उंदीर खिशात टाकला, डबा उचलला आणि स्टेशनाची वाट धरली.

गाडीत बसल्यावर त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नत्थुजी खरं बोलत असेल, तर या डब्यातल्या उंदरांना किरण लागलेच नाहीत. मग मिठाच्या पाण्याचे उंदीरही जगतील. सरांचा प्रयोग बुडेल, पण श्रावण वाचेल. आणि नत्थुजी खोटं बोलत असेल, तर मिठाच्या पाण्याचे उंदीर दुसऱ्या आठवड्यात मरतील. आणि त्यांच्याबरोबर त्या खोलीत तेवढाच वेळ बसलेला श्रावणही.

साक्षीदार डब्यात होते. फक्त बोलायला आठवडाभर घेणार होते.

कॉलेजात आल्यावर त्यानं खिशातला उंदीर वेगळ्या पिंजऱ्यात सोडला. बाकीच्यांच्या शेपट्या कोमट पाण्यात बुडवून शीर फुगवली, सरांनी बारीक सुईनं कोणाला रक्त, कोणाला मिठाचं पाणी दिलं. डोकी रंगली, शेपट्या रंगल्या. सर म्हणाले, "आज गप्प का रे?" श्रावण म्हणाला, "गाडी लागली, सर." सांगावं असं दहादा ओठावर आलं. पण नत्थुजीचे हात पायांवर आठवले. आणि खरं कारण म्हणजे, बोललं तर ते खरंच होईल असं त्याला वाटत होतं.

मग जे सुरू झालं ते आम्ही गल्लीनं पाहिलं आणि आपल्या परीनं त्याचा अर्थ लावला. श्रावण रोज सकाळी ओट्यावर आरसा लावून केस ओढून पाहू लागला. चिमटीत चार केस धरायचे, ओढायचे, आले का बघायचे. मग हिरड्या पाहायच्या, जीभ बाहेर काढायची, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढायच्या. चाळिशीतला माणूस असा आरशाला चिकटला की गल्ली काय समजणार? चार दिवसांत ठरलं, की कॉलेजात नवी मास्तरीण आलीय. मैनानं ते ऐकलं आणि वरणात मीठ घालायचं सोडून दिलं. श्रावणला कळलंसुद्धा नाही. तो वरण तसंच खाऊन उठायचा, तेव्हा मैनाच घाबरली.

पहिला आठवडा उंदीर ठणठणीत. शेपटीवाले हरभरे खातात, चाकात पळतात. श्रावणला धीर येत गेला. रोज संध्याकाळी तो शेपटीवाल्यांच्या पिंजऱ्याशी बसून बोलायचा, "खाय रे राजा. आनखीन खाय." स्वतःच्या डब्यातली भाकर त्यांना घालायचा. सर यायचे, तेच उंदीर पाहायचे आणि कपाळाला आठी पडायची. सर ते मरायची वाट पाहत होते. श्रावण ते जगावेत म्हणून मनातल्या मनात बुद्धापुढं हात जोडत होता. एका पिंजऱ्यापुढं दोघं उभे, आणि दोघांची मागणी उलटी.

दुसऱ्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, एक शेपटीवाला केस फुलवून कोपऱ्यात बसला. श्रावणनं हरभरा पुढं केला. घेतला नाही. भाकरीचा तुकडा तोंडाला लावला. त्यानं मान फिरवली.

श्रावण घरी आला आणि पिशवी खुंटीला न लावता सरळ हिवरखेडच्या एस.टी.त बसला.

हिवरखेडला त्याचा थोरला भाऊ शालिकराम राहायचा. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. छप्पन साली सगळ्यांनी बुद्धाची दीक्षा घेतली. पुढं शालिकरामच्या पोरीचं लग्न नव्या पद्धतीनं ठरलं. मांडवात सगळे हात जोडून उभे, आणि गाथा म्हणणारा माणूस आलाच नाही. शालिकराम म्हणाला, मी म्हणतो. दोन ओळी झाल्या, तिसरी काही आठवेना. तो पुन्हा पहिलीवर आला, पुन्हा तिसरीला अडला. असा चारदा फेरा झाल्यावर श्रावणला हसू फुटलं. मांडव हसला. शालिकरामनं नवऱ्या मुलाच्या बापासमोर मान खाली घातली, ती श्रावणपुढं कधी वर केली नाही.

आता तोच श्रावण त्याच्या दारात उभा.

"काहून आला?" शालिकराम दावं वळत होता, हात थांबवला नाही.

"दादा, मले तुयं रक्त पायजे."

शालिकरामनं आधी त्याच्याकडं, मग त्याच्या पायांकडं पाहिलं. "पेऊन आला काय रे?"

श्रावणनं सगळं सांगितलं. मशीन, कडी, भुंगा, उंदीर. हाडातलं बी करपलं असेल तर तापलेल्या नातलगाच्या रक्तातलं बी आपल्या हाडात जाऊन बसतं, हेही सांगितलं. "उंदरायचं त असंच करतात. जांभळ्या डोक्याचे अजून पयतात, दादा. तू सुई घे, तुले ताप येईन, मंग तुयं रक्त मले देऊ म्हणतो सरायले. तू सख्खा भाऊ हाये. दुसऱ्या कोणाचं चालन का नाही, मले ठावं नाही."

"हासाले मांडवभर मानसं भेटले," शालिकराम म्हणाला, "अन् मराले निंघाला तवा भाऊ आठवला."

श्रावण उंबऱ्यावर बसला आणि गुडघ्यात डोकं घातलं. बसणं अगदी त्या उंदरासारखं. शालिकरामनं उंदीर पाहिला नव्हता, पण भाऊ पाहिला होता.

बराच वेळ दाव्याचा पीळ तसाच हातात राहिला. मग तो म्हणाला, "कोण्या दंडाले टोचतात?"

रक्त देणं म्हणजे अर्धं मरणं, अशी तेव्हाची समजूत. शालिकरामच्या बायकोनं, पार्बताबाईनं, दारात उभं राहून पदर तोंडाला लावला. नवरा टोपी घालतो आहे हे पाहून ती फक्त एवढंच म्हणाली, "जेवून त जा."

सकाळी अमरावतीच्या म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात शालिकरामनं टायफॉईडची सुई घेतली. जत्रेला जाणाऱ्यांना तेव्हा सुई घ्यावी लागे, म्हणून जत्रेला जायचंय असं सांगितलं. दवाखान्यातली बाई म्हणाली, "कोणती जत्रा?" शालिकराम म्हणाला, "भावाची." दुपारपर्यंत त्याचं अंग तव्यासारखं झालं. मैनानं तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. कपाळावर ओलं फडकं ठेवताना तिनं विचारलं तेव्हा श्रावणनं तिला खरं सांगितलं. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. मास्तरीण असती तर बरं झालं असतं, असं तिच्या तोंडून निघून गेलं.

श्रावण कॉलेजात धावला. उंदीरघराच्या दारातच गावंडे सर, चेहरा फुललेला. "जमलं, श्रावण! शेपटीवाला एक गेला, आणखी दोन जायच्या वाटेवर आहेत. डोकंवाले सगळे उभे! बी रक्तात होतं!"

श्रावणनं पिंजऱ्याकडं पाहिलं. शेपटीवाला भुशात आडवा पडला होता. जांभळी शेपटी सरळ, दोरीसारखी. म्हणजे मशीन चालू होती. सारा वेळ चालू होती.

"सर," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, "मायाही भाऊ घरी तापला हाये. त्याचं रक्त मले कवा चढवता?"

सर हसले. मग हसू ओठांवरच राहिलं आणि डोळे बदलले. श्रावण सांगत गेला तसतसा त्यांचा हात पिंजऱ्याच्या कडेला घट्ट होत गेला.  ऐकून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "अरे, हे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या भाऊ-बहिणींच्याच जोडीचे. सगळे जणू एकच उंदीर. म्हणून एकाचं रक्त दुसऱ्याला चालतं. माणसाचं तसं नाही. सख्ख्या भावाचं बीसुद्धा कदाचित तुझ्या अंगावरच उठेल. आणि माणसाला असं अजून इथं कोणी करत नाही, श्रावण."

"मंग मी कसा जगू?"

 सरांनी त्याचा हात धरला आणि त्याला रिक्षात घातलं.  शहरात रक्त तपासणारे एक डॉक्टर होते. सरांनी दारातूनच मशीनची सगळी हकीकत सांगितली, म्हणाले, आधी याचं रक्त पाहा. डॉक्टरांनी श्रावणच्या बोटाला सुई टोचली. आयुष्यभर सुईला भ्यायलेला माणूस, त्या दिवशी त्यानं बोट स्वतःहून पुढं केलं आणि टोचलं तेव्हा हललाही नाही. थेंब काचेवर पसरला. डॉक्टर यंत्राला डोळा लावून बसले.

खोलीत फक्त त्यांचं पेशी मोजतानाचं पुटपुटणं. सर भिंतीकडं तोंड करून उभे. श्रावण डॉक्टरांच्या ओठांकडं पाहत होता. ओठ थांबले की त्याचा श्वास थांबायचा. एकदा डॉक्टरांनी मान वर केली, काच बदलली, पुन्हा मोजायला बसले. का बदलली? सरांनी विचारलं नाही. श्रावणची विचारायची हिंमत नव्हती.

शेवटी डॉक्टर मागं टेकले. "तू कुठं बसला होतास खोलीत?"

"कपाटामागं, कोपऱ्यात."

"पांढऱ्या पेशी भरपूर आहेत. रक्त नीट आहे. त्या मशीनचा झोत डब्याएवढ्याच जागेवर सरळ खाली पडतो. तू बाजूला होतास, लोखंडाच्या आड. तुला आला असेल तो शिंतोडा. हाड करपलं असतं तर आज या काचेवर निम्मंही दिसलं नसतं. दर आठवड्याला येत जा, मी पाहत जाईन. पण तू मरत नाहीस."

सरांनी खुर्ची ओढली आणि मटकन बसले. श्रावण मात्र उभाच होता. बाहेर पडला, पायऱ्या उतरायला लागला, आणि मधेच थांबला. इतके दिवस उभं राहायला जी भीती लागत होती तीच निघून गेल्यावर अंगात काही उरलंच नाही. तो पायरीवर बसून राहिला. तोंडातून शब्द निघेना, नुसते ओठ हलत होते.

तेवढ्यात रस्त्यावर टांगा थांबला. त्यातून मैना उतरली आणि तिच्या खांद्यावर भार टाकून, गोधडी पांघरलेला शालिकराम. डोळे लाल, चालणं वेडंवाकडं. कॉलेजच्या शिपायानं सर श्रावणला इथं घेऊन आलेत असं सांगितलं होतं. मैना अडवत होती, पण त्यानं ऐकलं नाही.

पायरीवर बसलेला श्रावण, पांढरा पडलेला, बोटाला कापूस, ओठ हलतात आणि आवाज नाही. शालिकराम दोन क्षण तसाच उभा राहिला. मग त्यानं गोधडी मैनाच्या हातात दिली, सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारली आणि दवाखान्याच्या दाराकडं तोंड करून ओरडला,

"डाक्टर! घ्या ना लवकर! ताप उतरून राहिला!"